बागेत सगळं परदेशी चालतं, मग पोरगं बाहेर गेलेलं का चालत नाही?



काल दुसरं डिपिंग उरकलं. मणी सहा-सात एमएमचे झालेत, यंदा डाऊनीनं फार छळलं नाही, एवढंच समाधान. आज औषधाचं काही लिहीत नाही. डिपिंग चालू असताना पुतण्यानं हातातली बादली खाली ठेवली आणि विचारलं, "तात्या, मी जपानी शिकायला लागू का?"

पोरगं बीएस्सी अ‍ॅग्री. चार वर्षं पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला थोडक्यात गेलं. आता गावी आलंय, पण कुणाच्या लग्नाला यायला तयार नाही. लोक विचारतात ना, "सध्या काय करतोस?"

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आणि बाग कोण बघणार?" त्यानं बादली उचलली आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही. रात्री मला झोप लागली नाही.

पडल्या पडल्या विचार केला, त्या बादलीत होतं काय? जीए. ते मूळ कुठलं? जपानी शास्त्रज्ञांचं. भाताची रोपं एका रोगानं नुसतीच उंच वाढायची. ते त्या बुरशीच्या स्रावामुळं होतं, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. त्यातनं जिबरेलिन आलं. डाऊनीला मारतो ते बोर्डो फ्रान्सच्या बोर्डो भागातलं. ज्या डॉगरिजच्या खुंटावर आपण डोळा भरतो, तो वेल टेक्सासचा. थॉमसनला नाव पडलं कॅलिफोर्नियातल्या माणसाचं. ठिबकची कंपनी १९६५ मध्ये इस्रायलच्या एका किबुत्झवर उभी राहिली आणि तिथून ते जगभर गेलं. म्हणजे खुंटापासून नळीपर्यंत सगळं बाहेरचं चालतं. पोरानं बाहेर जायचं नाव काढलं की मात्र आपल्या पोटात गोळा येतो.

बरं, बाहेर पडणं आपल्या भागाला नवीन आहे का? खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. पाऊस नव्हता, जमीन पोट भरत नव्हती, म्हणून गेली. त्याच पैशातनं इथं विहिरी खोदल्या, पाइपलाइनी आल्या, बागा उभ्या राहिल्या. त्यांना कुणी पळपुटं म्हणलं नाही.

आता जमिनीचा हिशोब बघा. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ ला ते १.३४ हेक्टरवर आलं. साडेदहा एकराचे सव्वातीन एकर झाले. आम्हा दोघा भावांत मिळून सहा एकर, आणि पुढच्या पिढीत पोरं तीन. दोन-दोन एकरावर तीन संसार चालतील असं मी कुणालाच छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून माझं मत बदललंय. ज्या पोरांना जायचंय त्यांनी जावं, आणि आपण घरच्यांनी तोंडानं "जा" म्हणावं. पण डोळे उघडे ठेवून.

जपानचं सांगतो. २०१९ पासून तिथं कुशल कामगारांचा वेगळा व्हिसा आहे, त्यात शेती येते. भारताबरोबर त्याचा करार २०२१ मध्ये झाला. पदवीपेक्षा दोन गोष्टी लागतात : एन-४ पातळीची किंवा तिच्या तोडीची जपानी भाषा, आणि शेतीकामाची परीक्षा. नियमानं पगार तिथल्या माणसाच्या बरोबरीचा द्यावा लागतो. पण पहिल्या प्रकारच्या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि बायकापोरं नेता येत नाहीत. लग्न ठरवताना हे समोरच्यांना आधी सांगा.

जर्मनीत आउसबिल्डुंग म्हणून पद्धत आहे. काम करत शिकायचं आणि महिन्याला विद्यावेतन घ्यायचं. शेतीचा कोर्स साधारण तीन वर्षांचा, आणि जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी-१ पर्यंत लागते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय. पुढं एमएस्सी करायची असेल तर त्याच राज्यात होहेनहाइमचं कृषी विद्यापीठ आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथं सहामाहीला १,५०० युरो फी, शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात. "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे विचारा.

आणि पोरांनो, गेल्या गेल्या साहेब होणार नाही. गोठा काढावा लागेल, थंडीत कोबी कापावा लागेल. बीएस्सी झालेल्याला ते इथं जड जातं, तिथंही जाईल. ते झेपणार असेल तरच पुढं व्हा.

तीन अटी मात्र माझ्याकडनं पक्क्या.

एक, आधी भाषा. सहा-आठ महिने इथंच शिका. ज्याला इथं रोज दोन तास बसवत नाही, त्याला तिथं कुणी सांभाळून घेणार नाही.

दोन, जमीन गहाण टाकून जायचं नाही. सातबारावर बोजा चढवून गेलेला माणूस मालक वाईट निघाला तरी काम सोडू शकत नाही.

तीन, एजंट परवानाधारक आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघा. नोकरी लावून देण्याबद्दल त्याला कामगाराकडनं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. जो लाखांत बोलतो आणि पावती देत नाही, त्याच्या दारातनंच माघारी फिरा. पर्यटक व्हिसावर कामाला नेतो म्हणणारा तर सरळ फसवतोय.

कुणी म्हणेल, अशानं गावं ओस पडतील. अहो, पडलीच आहेत. पोरं पुण्याच्या खोल्यांत आहेत, ना शेतीत, ना नोकरीत. त्यापेक्षा पाच वर्षं दुसऱ्याची शिस्तीची शेती बघून, चार पैसे गाठीला बांधून आलेलं बरं. आणि नाहीच आला परत, तरी मी त्याच्याकडनं वचन लिहून घेणार नाही.

सकाळी त्याला म्हणलं, "लाव क्लास. खरड छाटणीपर्यंत किती शिकतोस बघू." पोरगं हसलं. कित्येक महिन्यांनी हसलं असेल.

राहिला प्रश्न बाग कोण बघणार याचा. त्याचं उत्तर मी शोधायचं, त्यानं नाही. आमचा एक एकराचा जुना प्लॉट यंदाचा माल निघाला की काढून टाकतोय. उरलेली बाग आम्हा दोघा भावांना झेपेल तेवढीच ठेवणार.

तुमच्याही घरात असं गप्प बसलेलं पोरगं किंवा पोरगी असेल, तर आज जेवताना एकदा विचारून बघा. फक्त उत्तर ऐकायच्या आधी बागेचं नाव काढू नका.