पैज नको, यादी चालेल

मार्च सरत आला की अमेरिकेतल्या कितीतरी कचेऱ्यांत एक लगबग सुरू होते. बेसबॉलचा मोसम तोंडावर असतो. दहा सहकारी जमतात, प्रत्येक जण आपापले संघ निवडतो, प्रत्येकी वीस डॉलर एका पाकिटात पडतात. सप्टेंबरअखेर ज्याच्या संघांचे विजय सर्वांत जास्त, पाकीट त्याचे. बुकी नाही, उधारी नाही, सगळे दोस्तीखातर.

आमच्या आपाचा मुलगा नोकरीसाठी न्यू जर्सीत असतो. २०२४ च्या मोसमाआधी त्यालाही असे बोलावणे आले. त्याने अम्मीला सांगितले आणि आपाने आम्हाला फोन लावला. "अरे, वीस डॉलर म्हणजे तिकडे एका वेळचे जेवण. पोरगा एकटा आहे, चार लोकांत मिसळायला नको का? पण हा जुआ तर नाही ना?" आयपीएलच्या दिवसांत हाच सवाल आपल्या घरांतही निघतो, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत.

आधी खेळ समजून घेऊ. खेळ न समजता फतवा देण्याची घाई आपल्याकडे फार.

अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. सहा महिने जवळपास रोज सामना. सामना बरोबरीत सोडत नाहीत, एक जिंकतो, एक हरतो. आता पाटीवरचे गणित: ३० गुणिले १६२, भागिले दोन, म्हणजे २४३० सामने आणि तेवढेच विजय. दर संघाला सरासरी ८१. दहा जणांनी तीन-तीन संघ घेतले तर एकही संघ उरत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २४३ विजय येतात. नववीच्या वर्गात हे गणित घातले तर मुले आपणहून पुढची उदाहरणे मागतात.

निवडीची रीतही पाहण्यासारखी आहे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. पहिली फेरी एकपासून दहापर्यंत, दुसरी उलटी, दहापासून एकपर्यंत, तिसरी पुन्हा सुलटी. सापाच्या चालीसारखी. पहिल्याला पहिला, विसावा आणि एकविसावा संघ मिळतो. दहाव्याला दहावा आणि अकरावा लागोपाठ, पण शेवटी सगळ्यांनी नाकारलेला तिसावा.

या खेळात अक्कल लागते हे मान्य करायला हवे. कोणत्या संघाचे गोलंदाज जायबंदी आहेत, कोणी कोणता खेळाडू विकत घेतला, हे वाचावे लागते. तरी अक्कल पुरत नाही. टेक्सासच्या संघाने २०२१ साली १०२ सामने गमावले आणि दोनच वर्षांनी तो अजिंक्य ठरला. २०२४ मध्ये सर्वाधिक ९८ विजय मिळवणारा लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघही ६४ वेळा हरला. सर्वांत चांगल्याला हरताना आणि सर्वांत वाईटाला जिंकताना सहा महिने रोज पाहायचे, यात सब्र शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मग हरकत कुठे आहे? हरकत पाकिटात आहे.

सूरह माइदामध्ये शराब आणि जुगार यांची मनाई एकत्र आली आहे. कारणही तिथेच सांगितले आहे: यातून आपसात वैर आणि द्वेष पेरला जातो, आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून माणूस दूर होतो. तिथे रक्कम किती याचा उल्लेख नाही. फिकहच्या भाषेत, दोन्ही बाजूंनी काही पणाला लावले आणि एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा झाला, की तो किमार. वीस डॉलर असोत की वीस रुपये.

"पण हे मैत्रीतले आहे" हा युक्तिवादही नवा नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातला मयसिर मैत्रीतलाच होता. उंट कापत, बाणांनी हिस्से काढत, ज्यांचे बाण कोरे निघत ते उंटाची किंमत भरत. जिंकलेले मांस गरिबांत वाटण्यात तर मोठेपणा मानला जाई. म्हणजे जुगाराचा जुगार आणि खैरातीची खैरात! सूरह बकरामध्ये त्यातले फायदे नाकारलेले नाहीत, पण गुनाह फायद्याहून मोठा असल्याचे सांगितले आहे.

कोणी हजरत अबू बक्र (रजि.) यांची पैज पुढे करतो. रूमचे लोक पुन्हा विजयी होतील या कुरआनच्या भाकितावर त्यांनी मक्केच्या मुशरिकांशी उंटांची पैज लावली होती, हे तफसीरमध्ये येते. पण ती जुगाराच्या मनाईआधीची गोष्ट आहे, हेही तिथेच लिहिलेले असते. अर्धेच पान वाचून दलील देऊ नये.

आपल्या घरांत पैशांऐवजी "हरला तो बिर्याणी खिलवेल" अशी पळवाट काढतात. बिर्याणीलाही पैसे पडतात. दोघांनी तशी अट घातली असेल तर तीही पैजच. कोणी खुशीने दावत दिली तर बिस्मिल्लाह, पण हार-जीत ठरण्याआधी तिचा करार नको. तिऱ्हाइताने आपल्या खिशातून बक्षीस दिले तर काय, यावर उलेमांत तपशिलाचे मतभेद आहेत. ते आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, "मामू, मग मी सरळ नाही म्हणू?" आम्ही म्हटले, खेळाला नाही म्हणू नकोस, पैशाला म्हण, आणि कारण लपवू नकोस. त्याने तसेच सांगितले: संघ निवडीन, पैसे टाकणार नाही, जिंकलो तरी घेणार नाही. कोणी हसले नाही. त्याच्या नावापुढे एक चांदणी काढली, इतकेच.

चिठ्ठीत त्याला दहावा क्रमांक आला. त्याने सॅन डिएगो आणि अ‍ॅरिझोना घेतले. निवड उत्तम ठरली, त्यांचे ९३ आणि ८९ विजय झाले. तिसावा उरला शिकागो व्हाइट सॉक्स. हा संघ त्या वर्षी ओळीने २१ सामने हरला आणि मोसमात १२१. आधुनिक काळात एका मोसमात इतके पराभव कोणाचेच नाहीत. विजय ४१. बेरीज २२३. शिकागो सोडता सगळ्यांच्या मागे असलेला कोलोरॅडो जरी मिळाला असता तरी त्याच्या ६१ विजयांनी भाचा बरोबर सरासरीला, २४३ वर, पोहोचला असता! पण मजा अशी की ऑगस्टमध्येही तो हसत हसत शिकागोचा निकाल पाहत होता. पैसे लावलेल्यांपैकी चौघांनी तोवर तक्ता उघडणे सोडले होते.

आणि शेवटच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, क्लीव्हलँड आणि ह्यूस्टन यांचा सामना पावसाने रद्द झाला. तो पुन्हा खेळवला गेला नाही, दोन्ही संघांचे १६१ सामनेच मोजले गेले. क्लीव्हलँड ज्याच्याकडे होता तो कचेरीतला गृहस्थ एका विजयाने दुसरा होता. १८० डॉलरच्या पाकिटावरून दोन चांगल्या मित्रांत अबोला झाला. भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्हाला माइदाच्या आयतीतला 'वैर' हा शब्द आठवला.

पाकिटापुढचा रस्ता लांब आहे आणि तो त्याच व्हाइट सॉक्स संघाच्या इतिहासात दिसतो. १९१९ च्या अंतिम मालिकेत जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचा आरोप त्याच्या आठ खेळाडूंवर आला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, तरी आयुक्त लँडिस यांनी आठही जणांना आजन्म बंदी घातली. न्यू जर्सीचाही यात वाटा आहे. त्याच राज्याच्या खटल्यात मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी आडकाठी रद्द केली आणि राज्याराज्यांत सट्टा फोनमध्ये आला. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या २४ वर्षांच्या खेळाडूला आजन्म बंदी झाली. बेसबॉलवर त्याने दीड लाख डॉलरांहून अधिक लावले होते, स्वतःच्या संघाच्या सामन्यांवरसुद्धा. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या दुभाष्याने सट्ट्याची देणी भागवायला मालकाच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर चोरले. आता तो तुरुंगाची शिक्षा भोगतो आहे. कचेरीतले सगळेच तिथवर जातात असे नाही. पण आपल्या मुलाच्या खिशातही तोच फोन आहे.

बाकीच्या नऊ जणांचे पैसे असलेल्या तक्त्यात नाव असणे भाच्यालाही पुढे रुचेना. २०२५ मध्ये त्याने घरातल्यांचीच यादी केली. तो, त्याची बहीण, दोन चुलतभाऊ, आपा आणि आम्ही. सहा जण, प्रत्येकी पाच संघ, बक्षीस काही नाही. रविवारी तक्ता फोनवर यायचा आणि त्यानिमित्ताने सगळ्यांची खुशाली कळायची. आम्ही वाचून-वाचून संघ निवडले. आपाने मिलवॉकी घेतला, कारण तिला ते नाव गमतीचे वाटले. मिलवॉकीने ९७ सामने जिंकले, तीसही संघांत सर्वाधिक. पुढच्या वेळी चिठ्ठ्या न टाकता हाच संघ आपल्याला द्यावा, असा तिचा आग्रह आहे, आणि भाचा नियम दाखवून तिला नकार देतो आहे.