दगड वेचावेत, माती नव्हे

बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो : राकड, परवा, काबर आणि मार. पहिल्या दोन तांबड्या व हलक्या, नंतरच्या दोन काळ्या व भारी. झाशी परिसरातील उंचवट्यांवर आढळणारी राकड ही त्यांत सर्वांत दुबळी. ग्रॅनाइट व नाइस खडकांच्या झिजेतून ती तयार झाली आहे. ती उथळ, खडे-गोट्यांनी भरलेली आणि ओल फार काळ न धरणारी असते. आपल्याकडील मुरमाड माळरानांप्रमाणेच अशी जमीन पेरणीयोग्य करण्यासाठी ट्रॅक्टरला पाते अथवा दाताळे जोडून दगड काढले जातात. या कामाचे यश शेत किती स्वच्छ दिसते यावर ठरवले जाते. वास्तविक ते शेतात किती माती उरली यावर ठरवले पाहिजे.

एक साधा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर क्षेत्रातील एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १०० घनमीटर, अर्थात सुमारे १४० टन माती. जमिनीच्या धुपेची सर्वसाधारण सहनमर्यादा वर्षाला हेक्टरी सुमारे ११ टन मानली जाते. याचा अर्थ, दगडांबरोबर बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी जाडीचा थर बांधाकडे लोटला गेला, तरी बारा वर्षांच्या धुपेइतकी हानी एका दिवसात होते. राकड जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये प्रामुख्याने वरच्या थरातच असतात, म्हणून ही हानी अधिक जिव्हारी लागते.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. उन्हातान्हात वाकून दगड वेचण्याचे कष्ट यंत्राने वाचतात, पेरणीयंत्राचे फण मोडत नाहीत आणि बियाणे एकसारख्या खोलीवर पडते. प्रश्न अवजाराच्या निवडीचा आहे. सपाट पाते दगड व माती यांत भेद करीत नाही. ते समोर येईल ते ढकलते. दाताळ्याच्या दात्यांमधील फटींतून मात्र माती खाली गळते व दगड पुढे सरकतात. त्यामुळे सपाटीकरणाची खरी गरज नसेल, तर पात्याऐवजी दाताळे किंवा दगडवेचणी यंत्र वापरावे. काम जमीन कोरडी असताना करावे. ओली माती दगडांना चिकटून त्यांच्याबरोबर शेताबाहेर जाते.

प्रत्येक खडा काढण्याचा अट्टहासही सोडावा. पेरणीत अडथळा आणणारे, मुठीपेक्षा मोठे दगड काढणे पुरेसे असते. पृष्ठभागावरील बारीक खडे पावसाच्या थेंबांचा मारा झेलतात व बाष्पीभवन कमी करतात. भुईमुगासारख्या, जमिनीत शेंगा धरणाऱ्या पिकासाठी अधिक वेचणी करावी लागेल. तीळ किंवा उडदासाठी तेवढी नको.

याहून मोठी चूक खोल नांगरटीची. येथे झाशी आणि महाराष्ट्र यांतील फरक ध्यानात घ्यावा. बेसाल्टपासून बनलेला आपला मऊ मुरूम उघडा पडल्यावर ऊन-पावसाने हळूहळू फुटतो. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ पडीक माळावरच आपले प्रक्षेत्र उभे केले. ग्रॅनाइटमधील गारगोटी मात्र माणसाच्या आयुष्यात फुटत नाही. राकड जमिनीत पलटी नांगर खोल घातला, तर या वर्षी वेचलेल्या दगडांची जागा पुढच्या वर्षी नवे दगड घेतात आणि वेचणीचा खर्च कधीच संपत नाही. अशा शेतात उथळ मशागत, उताराला आडवी पेरणी आणि रोटाव्हेटरचा संयमाने वापर हाच मार्ग योग्य. दगडांवर आपटून रोटाव्हेटरची पाती तुटतात, हे वेगळे सांगायला नको.

वेचलेले दगड हा कचरा नव्हे. समपातळीवरील दगडी बांध व घळींमधील अनगड दगडांचे बांध यांसाठी ते हाताशी आलेले साहित्य आहे. नाल्यात ढीग लोटणे मात्र टाळावे. आणि जेथे वीतभर खणताच खडक लागतो, तेथे दगड काढण्याचा खर्चच करू नये. झाशीत १९६२ पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आणि १९८८ पासून कृषिवनीकरणाचे राष्ट्रीय संशोधन कार्यरत आहे, हा योगायोग नाही. अशा जमिनीचा धर्म धान्यापेक्षा गवत आणि झाडांना अनुकूल आहे. अंजन गवत, स्टायलो आणि मधूनमधून झाडे घेतल्यास चारा मिळतो. जनावरे मोकाट सोडण्याच्या, ‘अन्ना प्रथा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुंदेलखंडातील समस्येलाही चाऱ्याची टंचाई कारणीभूत आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी म्हणूनच ट्रॅक्टर बोलावण्याआधी कुदळ हाती घ्यावी. शेतात चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली मोजावी, कोणत्या तुकड्यात धान्य व कोणत्यात गवत हे शेतकऱ्यासह ठरवावे आणि मगच अवजार निवडावे. यंत्राचे भाडे तासावर असले, की चालकाला घाई असते. म्हणून पाते किंवा दाते किती खोल चालवायचे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. काम संपल्यावर दगडांच्या ढिगात हात घालून पाहावा. त्यात दगडांपेक्षा माती अधिक लागली, तर शेत स्वच्छ झाले नाही, ते गरीब झाले.