रॅकेट धरावी कशी ?

गेले दोन महिने आमच्या घरांत एका मुठीवरून वाद चालला आहे. मूठ टेनिसच्या रॅकेटीची, आणि ती धरणारी आमची अकरा वर्षांची नात. आम्ही लोअर परळांत राहतों. येथें एके काळीं गिरणीच्या भोंग्यावर घरोघरचीं घड्याळें लागत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, व आतां त्या जागीं उंच मनोरे उभे आहेत. अशाच एका मनोऱ्याच्या आवारांत टेनिसचें कोर्ट आहे. तेथें ही मुलगी रोज सायंकाळीं खेळावयास जाते.

दोन वर्षें ती एकाच पकडीनें सारे फटके मारीत असे. फोरहँड चांगला बसला होता. सर्व्हिस मात्र दुबळी. तिच्या शिक्षकांनीं सर्व्हिसची पकड बदलावयास सांगितलें. तिनें ती बदलली, आणि होती ती सर्व्हिसही गेली. चेंडू जाळ्यांत, नाहीं तर रेषेबाहेर ! जिला ती नेहमीं हरवीत असे, तिच्याकडूनच एका सामन्यांत हरली, आणि त्या रात्रीं न जेवतांच निजली. सकाळीं आम्हांस म्हणाली, "आजोबा, मी टेनिस सोडूं का ?" जन्मभर मुलांना शिकवून निवृत्त झालेले आम्ही तिला म्हणालों, "टेनिस सोडूं नकोस, ती नवी पकड सोड. जें हातांत बसलें तें बदलूं नये."

हा उपदेश चुकीचा होता. कसा चुकला, हें समजून घेण्यासाठीं आम्ही तिच्या शिक्षकांपुढें विद्यार्थी होऊन बसलों. जें समजलें तें येथें देत आहों. ज्यांच्या घरीं मूल रॅकेट धरतें, त्यांस तें उपयोगी पडेल.

रॅकेटीची मूठ गोल नसते. तिला आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली कीं सर्वांत वरचा पैलू तो पहिला. तेथून उजव्या हाताच्या खेळाडूनें मुठीच्या बुडाकडून पाहत घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मोजावें; डावऱ्यानें उलट. तर्जनीच्या मुळाशीं तळव्यावर जो उंचवटा असतो, तो दुसऱ्या पैलूवर टेकला तर ती पकड कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पांचव्यावर वेस्टर्न. खिळा ठोकतांना हातोडी धरतों तशी कॉन्टिनेंटल. रॅकेटीशीं हस्तांदोलन करावें तशी ईस्टर्न. आणि जमिनीवर आडवी पडलेली रॅकेट उचलावी, कीं हात आपोआप पुढच्या दोन पकडींकडे वळतो.

ह्या पकडी कोणीं लहरीनें काढल्या नाहींत; जमिनीनेंच त्या शिकविल्या. हिरवळीवर चेंडू खालून सरपटत येतो. तेथें कॉन्टिनेंटल सोयीची. फ्रेड पेरी ह्या इंग्रज खेळाडूनें १९३४ ते १९३६ अशीं तीन वर्षें विंबल्डन जिंकलें, तें फोरहँडलाही हीच पकड वापरून. कॅलिफोर्नियांतील सिमेंटच्या कोर्टावर चेंडू खांद्याएवढा उसळे. तेथें वेस्टर्न पकड वाढली. आज बहुतेक कोर्टें कठीण झालीं आहेत व चेंडूस वरून गिरकी देण्याची पद्धति रूढ आहे; म्हणून फोरहँडसाठीं सेमी-वेस्टर्न अधिक दिसते. दोन हातांच्या बॅकहँडला उजव्या हाताची कॉन्टिनेंटल, आणि वर डावा हात फोरहँडसारखा. जाळ्याजवळच्या व्हॉलीस पकड बदलण्यास वेळच नसतो. तेथें दोन्ही बाजूंस कॉन्टिनेंटल.

आतां सर्व्हिस. सेमी-वेस्टर्न पकडींत रॅकेटीचें तोंड अगोदरच चेंडूकडे उघडें राहतें. तव्यानें चेंडू ढकलावा तसें होतें. कॉन्टिनेंटलनें रॅकेट कडेनें वर जाते, व शेवटच्या क्षणीं हात वळून तोंड चेंडूवर येतें. फटक्याचा बराचसा वेग ह्या वळण्यांत आहे. ही क्रिया अंगवळणीं पडेपर्यंत चेंडू भलतीकडे जाणारच. आमची नात बिघडत नव्हती, शिकत होती. आम्हांसच तें दिसलें नाहीं.

आणि तें दिसावयास आम्हांस परक्या देशांत जाण्याचें कारण नव्हतें. धनुर्वेदाच्या ग्रंथांत प्रत्यंचा ओढण्याच्या मुठी पांच सांगितल्या आहेत : पताका, वज्रमुष्टि, सिंहकर्ण, मत्सरी व काकतुंडी. जसा बाण व जसें लक्ष्य, तशी मूठ. ह्याच मुंबईंत शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या पंडिता क्षमा राव संस्कृतांत काव्यें लिहीत. त्यांची 'सत्याग्रहगीता' १९३२ सालीं पॅरिस येथें छापली गेली. त्याच बाई टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं, पेरीच्या पहिल्या विजयाच्याच वर्षीं, विंबल्डनला सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. लेखणीची पकड निराळी, रॅकेटीची निराळी. एकाच हातास दोन्ही येऊं शकतात, हें त्या घरानें दाखविलें.

पकड बदलावयाची तीही उजव्या हाताच्या बळानें नव्हे. दोन फटक्यांच्या मध्यें डाव्या हातानें रॅकेटीची मान धरावी, उजवीचीं बोटें सैल सोडावीं, आणि डाव्यानें रॅकेट हवी तेवढी फिरवावी. मूठ आवळून धरली तर ती फिरतच नाहीं. आम्हीं आमचें मत असेंच आवळून धरलें होतें.

चार दिवसांनीं नातीस जवळ बोलावून आम्हीं सांगितलें, "बाळ, तुझ्या आजोबांचें चुकलें. तुझे सर सांगतात तशीच धर." ती कांहीं बोलली नाहीं, पण सायंकाळीं रॅकेट घेऊन खालीं गेली. आज पांचांपैकीं तीन सर्व्हिस आंत पडतात, आणि त्या तिन्हींत पूर्वीं कधीं नव्हता असा जोर असतो. सामना तिनें अद्यापि जिंकलेला नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे : मूल पकड बदलीत असेल तेव्हां कांहीं महिने त्याच्या हारजितीचा हिशेब मागूं नये.