नमुन्याच्या नावाखाली वेठ

सुशिक्षितांच्या बेकारीवर सध्या एक स्वस्त तोडगा सांगितला जातो. नोकरी नाही? मग फ्रीलान्स व्यवसाय करा. गिऱ्हाईक नाही? मग आपला पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा नमुनासंच, अधिक आकर्षक करा. तरीही काम मिळाले नाही, तर दोष त्या नमुनासंचाचा आणि तो बनविणाऱ्याचा! या उपदेशात बाजाराच्या रचनेची जबाबदारी कोठेच येत नाही. भांडवलदारी पत्रांना तो इतका प्रिय का आहे, हे त्यावरून उघड व्हावे.

केलेले काम दाखविण्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. अनोळखी चित्रकाराला, अनुवादकाला किंवा संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्याला काम देण्यापूर्वी गिऱ्हाइकाने त्याचा हात पाहावा, हे रास्तच आहे. सुतारही आपण घडविलेला दरवाजा दाखवीत आला आहे. परंतु पूर्वी केलेले काम दाखविणे वेगळे आणि गिऱ्हाइकाच्या फर्माइशीवरून नवे काम फुकट करून देणे वेगळे. आजच्या बाजाराने हा भेद पुसून टाकला आहे. पन्नास पानांचे पुस्तक पंचवीस उमेदवारांना दोन-दोन पाने 'नमुना' म्हणून वाटले, तर एक पैसाही न देता सबंध पुस्तकाचा अनुवाद पदरात पडतो. याला परीक्षा म्हणायचे की वेठ?

महाराष्ट्रातील विडी कामगार स्त्रियांना हा प्रकार नवा वाटणार नाही. वळलेल्या विड्यांतून काही 'छाट' म्हणून बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही, आणि विड्या मात्र ठेवून घ्यायच्या, ही कंत्राटदारांची जुनी रीत. नापसंत ठरलेला नमुना परत न करणारे आजचे गिऱ्हाईक त्याच परंपरेतले आहे.

दुसरी लूट अधिक सूक्ष्म आहे. अनेक करारपत्रांत कामाचे सर्व हक्क गिऱ्हाइकाकडे जातात आणि हे काम आपण केले असे सांगण्याचीही बंदी असते. म्हणजे श्रमाबरोबर श्रमाचा पुरावाही जप्त होतो. पाच वर्षे राबलेल्या माणसाचा नमुनासंच त्यामुळे रिकामा राहतो, आणि तो भरण्यासाठी त्याला पुन्हा फुकट काम करावे लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. पण गरजू माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. एकाने आपला नमुनासंच सुधारला तर त्याला काम मिळेल, हे खरे; सर्वांनी सुधारला तर सर्वांना मिळेल, हे खरे नव्हे. नाटकाला पुढच्या रांगेतला प्रेक्षक उभा राहिला तर त्याला अधिक दिसते. सगळेच उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय तेवढे दुखतात. मागणी तेवढीच राहून स्पर्धेचा खर्च वाढतो, आणि तो खर्च श्रमिकाच्या माथी पडतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. एवढ्या मोठ्या समूहाचा प्रश्न वैयक्तिक सजावटीने सुटेल, असे मानणे हा शुद्ध भ्रम आहे.

कायद्याने काय दिले? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत मध्यस्थ कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद आहे. परंतु थेट गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्यासाठी त्या गिऱ्हाइकावर असे कोणतेही अंशदान नाही.

आपल्या चळवळीतील काही मित्र म्हणतात की, हा पांढरपेशा वर्ग आहे. त्याच्याकडे स्वतःचे साधन आहे, तो कामगार नव्हे. विडी वळणारी स्त्रीही स्वतःच्या घरी, स्वतःच्या कात्रीने काम करीत होती. तरीही १९६६ च्या विडी कामगार कायद्याने तिला कामगार मानले. माथाडी हमालाला तर एक असा मालकच नव्हता. त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले, १९६९ चा कायदा झाला, आणि मंडळामार्फत मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही वसूल होऊ लागली. मालक अनेक असले म्हणून हक्क शून्य ठरत नाहीत, हे महाराष्ट्राने तेव्हाच सिद्ध केले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या तरुणांना नमुनासंच करू नका असे सांगू नये. तो संघटितपणे करा, असे सांगावे. फर्माइशीचा नमुना ठरल्या दराने मोबदला घेऊनच द्यावा. करार लेखी असावा. त्यात आगाऊ रक्कम, देयकाची तारीख आणि आपले काम दाखविण्याचा हक्क नमूद असावा. उद्यम नोंदणी करावी, कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने अशा नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. शहराशहरांत संघ उभारून त्यांनी किमान दरपत्रक व सभासदांचा सामाईक नमुनासंच प्रसिद्ध करावा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर वा अधिक रकमेच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार सक्तीचा आहे. भांडवलशाहीच्या राजधानीत जे घडू शकते, ते मुंबई-पुण्यात अशक्य ठरविणारे कोण?

एकट्याचा नमुनासंच गिऱ्हाइकाची मर्जी मिळवील. भाव ठरविण्याची ताकद संघटनेतूनच येईल. माथाडींच्या धर्तीवर गिऱ्हाइकावर लेव्ही बसविण्याची मागणी घेऊन त्या संघटनेला आरंभ झाला पाहिजे.