राखणदाराचे दुधाचे दात

लोणीच्या बाजारात बैल घ्यायचा तर आपण आधी त्याचे तोंड उघडतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट निघत नाही. कोल्हारच्या मळ्यांतून मात्र उसाच्या कडेला, बिबट्याच्या भीतीत जे कुत्रे रात्रभर जागते, त्याच्या तोंडात कोणी डोकावत नाही. आज त्याविषयी थोडे सांगतो.

कुत्र्याचे पिल्लू बिनदाताचे जन्मते. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात आणि दोन महिन्यांच्या सुमारास ते २८ होतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. पडलेला दात पिल्लाने गिळला किंवा हिरडीतून थोडे रक्त आले, तर घाबरू नये. परंतु दुधाचा सुळा न पडता शेजारीच पक्का सुळा आला, तर पिल्लू जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. दोन्हींच्या फटीत अन्न अडकते, दात वाकडे येतात. पक्कड किंवा दोरा लावून तो ओढू नये. मूळ आत मोडते.

या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू चपला, दावी, मोटारीची वायरसुद्धा चावते. त्याला मारू नका. जुन्या जाड कापडाला गाठ मारून, ओले करून चघळायला द्या. दगड, टणक हाड, कोंबडीची शिजलेली हाडे आणि उसाचे टिपरू देऊ नका. टणक वस्तूने दात फुटतो. हाडाची कपची किंवा उसाची साल तोंडात लागते.

बोटाला मऊ ओले फडके गुंडाळून रोज दातांवरून फिरवावे. लहानपणी सवय लागली तर मोठेपणी ते तोंड उघडू देते आणि दातांवर किटण साचत नाही. मशेरी मुळीच लावू नये; तंबाखू कुत्र्याला विष आहे. आपली टूथपेस्टही नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. दात बदलण्याच्या वयात पिल्लू खेळता खेळता मुलांच्या हातापायांना चावते आणि 'लहान पिल्लू आहे' म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही. पण रेबीज लहान पिल्लालाही होतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तीन महिने पूर्ण होताच, म्हणजे दात बदलायला लागण्यापूर्वीच, पिल्लाला रेबीजची लस टोचून घ्या. पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा द्या. दात लागून नुसते खरचटले तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.

पुढच्या खेपेला गाय दाखवायला गुरांच्या दवाखान्यात जाल, तेव्हा पिल्लूही बरोबर न्या. त्याचे दात तपासून होतील आणि लसही टोचून होईल.