मैत्रीचं सुतक

यंदाचा दिवाळी अंक मैत्रीवर. शाळासोबती आले, इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याचा कीस खात भांडणारे आले, पत्रमित्रही आले. एक लेख मात्र लेखकाने परत मागून घेतला. त्यांचा मित्र नव्वदच्या दशकात एड्सने गेला होता. "त्याच्या घरचे अजून इथेच राहतात हो," एवढंच म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही.

गोव्यात डॉमिनिक डिसोझाच्या मित्रांपुढे हा पेच नव्हता. त्याचं नाव सरकारनेच चव्हाट्यावर आणलं होतं. नियमित रक्तदान करणारा तरुण, त्याच रक्तात एचआयव्ही सापडला. फेब्रुवारी 1989 मध्ये त्याला म्हापशात पोलिसांकरवी ताब्यात घेतलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात कोंडलं, 64 दिवस. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. मित्रमंडळींनी निदर्शनं केली, वकील आनंद ग्रोव्हर यांनी खटला लढवला. कोर्टाने घरी जाऊ दिलं, कायदा मात्र वैध ठरवला. याचिका आईच्या, लूसी डिसोझांच्या नावे. मित्रांची नावं निकालपत्रात शोधून सापडायची नाहीत. 1992 मध्ये नाटकातली मैत्रीण इझाबेल वाझ हिच्यासोबत त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. संस्थेचं काम पुढे चालू राहिलं.

त्याच्या आयुष्यावर बेतलेला ओनीरचा 'माय ब्रदर… निखिल' 2005 मध्ये आला. त्यात भावासाठी झगडते ती सख्खी बहीण. सिनेमा चांगलाच आहे, पण शीर्षकातसुद्धा नातं रक्ताचंच! आपल्याकडे सुतकही भाऊबंदांनाच लागतं. मित्र स्मशानातून परततो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो.

त्या नव्वदच्या दशकात एड्सवर औषधं निघाली, पण ती डॉलरवाल्यांसाठी. 2001 मध्ये सिप्ला कंपनीने एका रुग्णाचा वर्षाचा खर्च 350 डॉलरवर आणायची तयारी दाखवली. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत गोळ्या फुकट मिळू लागल्या. आमच्या इंदूरच्या एमवाय रुग्णालयातही मिळतात. डबीवरचं लेबल खरवडून त्या घरी नेणारे आजही आहेत. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीवाचून रोगाची वाच्यता करायला बंदी घातली, हे योग्यच झालं. जिवंत माणसाचं गुपित त्याचं त्यालाच ठेवू द्यावं. मेलेल्या मित्रासाठी रडायला मात्र कुणाच्या संमतीची गरज पडू नये, असं आम्हाला वाटतं.

पुढल्या दिवाळीसाठी असं लेखन जरूर पाठवा. मित्राचं नाव, गाव, गल्ली बदला. स्वतःचं नाव नसलं तरी चालेल. मानधन मिळेल, पत्ता आमच्यापाशीच राहील.