चाक उतरविण्याची विद्या

मृगाचे पहिले पाणी रस्त्यावर पडले आणि आठ महिने सांडलेल्या तेलाचा तवंग त्यावर पसरला, की आमच्याकडच्या घाटांतून मोटारसायकली घसरल्याच्या वार्ता येऊ लागतात. त्या वार्तांत वळणाचा, पावसाचा आणि समोरून आलेल्या ट्रकचा मजकूर सविस्तर असतो, परंतु घसरलेल्या वाहनाच्या मागच्या टायरवर नक्षी शिल्लक होती की तो गुळगुळीत झाला होता, याचा उल्लेख मी फार क्वचित वाचला आहे. दोन चाकांखाली जमिनीला टेकलेले जे जेमतेम तळहाताएवढे रबर, त्याच्या भरवशावर आपण घरातली माणसे पाठीमागे बसवून ताम्हिणी नि आंबोली उतरतो, आणि त्या रबराची मात्र वर्षानुवर्षे कधी नीट पाहणी करीत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की ज्याच्याजवळ ट्यूबच्या टायरची साधी मोटारसायकल आहे, त्याने निदान एकदा तरी मागचे चाक आपल्या हाताने उतरवून त्याचा टायर घरच्या अंगणात बदलावा. पैसा वाचविणे हा यातला हेतू नाही. मजुरीच्या शे-दोनशे रुपयांसाठी रविवारची सकाळ खर्ची घालणे हिशोबात बसणारे नाही, हे मलाही कळते. हेतू एवढाच, की चाक उतरल्यावाचून जे दृष्टीस पडत नाही ते मालकाच्या दृष्टीस पडावे.

माझी स्वतःची हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रवासात मागचा टायर फाटला, तेव्हा हमरस्त्यावरच्या एका दुकानात मी टायर आणि ट्यूब असे दोन्ही जिन्नस नवे घेतले व दोहोंचे पैसे मोजले. पुढे सहा महिन्यांनी घरी पंक्चर झाले म्हणून, हाताशी वेळ होता तेव्हा, प्रथमच मी चाक स्वतः खोलले. आत निघालेली ट्यूब जुनी होती, तिच्यावर तीन ठिगळे होती. स्पोकच्या टोकांपासून ट्यूबचे रक्षण करणारी रबरी पट्टी रिंगेवर नव्हतीच, आणि त्या टोकांनी ट्यूबच्या पोटावर चरे पाडले होते. टायरच्या बगलेवर 3118 हे चार आकडे कोरलेले होते, त्यांचा अर्थही मला त्या दिवशीच समजला: पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, म्हणजे 2018 सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला तो माल मला 2023 साली नवा म्हणून विकला गेला होता. रबर पडून राहिले तरी जुने होते, कडक होते, आणि ओल्या रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. त्या सहा महिन्यांत मी दोनदा कुटुंबासह घाट उतरलो होतो, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

त्याच बगलेवर 2.75-18 आणि 42P अशीही अक्षरे असतात. टायरची रुंदी पावणेतीन इंच, रिंगेचा व्यास अठरा इंच, त्या एका टायरने पेलावयाचे ओझे अधिकात अधिक 150 किलो, आणि वेगाची मर्यादा ताशी 150 किलोमीटर, एवढा सगळा दस्तऐवज तेथे उघड्यावर कोरून ठेवलेला आहे. खरेदीखताची ओळ न् ओळ वाचून घेणारा आपला समाज हे चार शब्द वाचीत नाही, याचे मला वाईट वाटते.

वास्तविक टायर आणि रिंग ही एकमेकांपासून सुटी झाली तीच मुळी स्वाराच्या हातासाठी. हवेच्या टायरचे पेटंट स्कॉटलंडच्या थॉमसनने 1845 सालीच घेतले होते, पण ती कल्पना विस्मरणात गेली आणि 1888 साली बेलफास्ट येथील डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती नव्याने सिद्ध केली. त्या काळचे हे टायर रिंगेला चिकटवलेले असत. 1889 साली फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ गावी मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एका सायकलस्वाराचे असे चाक दुरुस्तीला आले, तेव्हा ते सोडविण्यात तासच्या तास गेले आणि वर डिंक वाळण्यासाठी रात्र घालवावी लागली. त्या अनुभवातून दोन वर्षांनी सुटा टायर निर्माण झाला, आणि 1891 च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सुमारे 1200 किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा स्वार तोच टायर लावून पहिला आला. वाटेत अडलेल्या माणसाला आपले काम आपण करता यावे ही सोय ज्या जिनसेच्या जन्मातच आहे, ती आपण पूर्णतः परस्वाधीन करून टाकली आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो, कारण लोक भितात ते याच ठिकाणी. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागच्या ब्रेकचा रॉड आणि ड्रमची आडवी पट्टी सोडवावी, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घ्यावा, आणि चेन उतरवून चाक बाहेर काढावे. त्या वेळी जो बुश खाली पडतो तो कोणत्या बाजूचा, हे तेथल्या तेथे खडूने लिहून ठेवावे. येथपर्यंत पान्हे चालविण्याचेच काम आहे. खरी विद्या पुढे आहे. टायरच्या कडेत पोलादी तारेचे कडे असते आणि ते तसूभरही ताणले जात नाही. मग रिंगेपेक्षा लहान असलेली ती कड रिंगेवरून बाहेर येते कशी? रिंगेच्या मधोमध एक खोल पन्हळ असते. व्हॉल्व्हची नळी काढून हवा पुरती सोडावी, दोन्ही कडा पायाने दाबून मोकळ्या कराव्यात, आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला गुडघा रोवून कड त्या पन्हळीत उतरवावी, म्हणजे व्हॉल्व्हजवळ दोन बोटांची सैल जागा मिळते आणि लिव्हरची पट्टी तेथे अलगद शिरते. मी पहिल्या खेपेस ही गोष्ट न जाणता अर्धा तास नुसता जोर लावीत होतो. समोरची बाजू पन्हळीत बसली त्या क्षणी तीच कड हातभर पट्टीने, साबणाच्या पाण्यावरून, लहान मुलाचा सदरा काढावा तशी निघून आली.

नवा टायर चढविताना क्रम उलटा धरावा. बगलेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, याची खातरजमा करावी. रिंगेची पट्टी नीट बसवावी. ट्यूबमध्ये तिला गोलाई येईल इतपतच हवा भरून ती आत घालावी, आणि शेवटची वीतभर कड व्हॉल्व्हजवळच चढवावी. तत्पूर्वी व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलून ट्यूब कडेखाली चिमटली नाही हे पाहावे, कारण नव्या ट्यूबला पहिले भोक पडते ते बहुधा याच वीतभर जागेत आणि आपल्याच लिव्हरने. तेल किंवा ग्रीस वापरू नये. ते रबराला बाधते. हवा भरताना कड धप्प असा आवाज करून जागेवर बसते, आणि बगलेवरची बारीक रेघ रिंगेपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसते. ती कोठे बुडालेली दिसली तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावावे.

चाक हातात आहे तोवर ब्रेकचे लायनर किती उरले आहेत ते पाहता येते, बेअरिंगमध्ये बोट घालून फिरविले तर खरखर कळते, हबमधली रबरे पिचली असतील तर तीही दिसतात. ड्रममधली धूळ मात्र तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की ही जोखीम अनाडी हातांनी का घ्यावी? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून ट्यूबलेस टायर घरी बदलावा असे मी म्हणत नाही. त्याची कड बसविण्यास एकदम जोराची हवा लागते, आणि अलॉयच्या रिंगेला लिव्हरने खोच पडली तर तेथून हवा गळत राहते. ते काम यंत्रावरच व्हावे. दुसरा आक्षेप पंक्चर काढणाऱ्याच्या पोटाचा. माझा अनुभव असा, की स्वतः एकदा गुडघा रोवून कड उतरविलेला माणूस त्या कारागिराशी मजुरीवरून घासाघीस करीत नाही. आणि काम चोख झाले की नाही हे त्याला समजत असल्यामुळे, चांगल्या कारागिराचा इतबार त्याच्याजवळ वाढतोच.

1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली, पुढे आमच्या शाळांतून कार्यानुभव हा विषयही आला. परंतु घरोघरी उभ्या असलेल्या वाहनाचे चाक त्या तासाला कोठे खोलले गेल्याचे मी पाहिले नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मृगापूर्वीचे दोन रविवार नागरिकांना हे काम दाखविण्यासाठी ठेवावेत, आणि परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला टायरवरचे आकडे वाचून दाखविण्यास फर्मवावे, अशी माझी सूचना आहे. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

माझी पुतणी पुण्यास शिकते. गेल्या महिन्यात तिने वडिलांच्या मोटारसायकलीचा मागचा टायर आमच्या अंगणात बदलला. अडीच तास लागले. चाक चढले, चेनचा ताण बसला, ब्रेक लागू लागला, आणि एक्सलच्या नटाची जुनी स्प्लिट पिन वाकून झिजली आहे असे तिच्या ध्यानात आले. तीच पुन्हा घालून आज वेळ निभावून ने, असे तिचे वडील म्हणाले. तिने हात धुतले, पाचदहा रुपये घेतले, आणि नवी पिन आणण्यासाठी चालत नाक्यावरच्या दुकानाकडे निघाली. ती परत येईपर्यंत गाडी स्टँडवरच उभी होती.